व्हीपीएन लावला की ब्लू स्क्रीन, सॉफ्टवेअरचा घोळ आहे का हार्डवेअर गेलंय?

कंदी_पेढा:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी साताऱ्यातून घरून काम करते, कंपनी पुण्यातली, काम अकाउंट्सचं, म्हणजे दिवसभर एक्सेल, रिमोट डेस्कटॉप आणि मीटिंगा. कंपनीने लॅपटॉप दिलेला नाही, घरचाच असेंबल केलेला डेस्कटॉप आहे आणि त्यावर त्यांचा व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) टाकायला लावलाय. आय-फाइव्ह प्रोसेसर, एसएसडी, विंडोज ११, आधी ८ जीबी रॅम होती ती दिवाळीत अजून ८ ची पट्टी टाकून १६ केली.

आता प्रॉब्लेम. व्हीपीएन चालू असताना सर्व्हरवर मोठी फाइल टाकायला घेतली किंवा मीटिंगमधे स्क्रीन शेअर केला की धाडकन निळा स्क्रीन. त्यावर ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल असं काहीतरी आणि खाली व्हॉट फेल्ड म्हणून नेटआयओ डॉट सिस. मग शंभर टक्क्यापर्यंत काहीतरी मोजतो आणि आपला आपण रीस्टार्ट. कधी अख्खा दिवस काही नाही, कधी जेवायच्या आत दोनदा. नुसता यूट्यूब लावून ठेवला तर शक्यतो नाही होत, पण अगदीच नाही असं पण नाही.

काय काय केलंय ते पण सांगते म्हणजे परत तेच विचारणार नाही कुणी: विंडोज अपडेट केलं, लॅनचा ड्रायव्हर बोर्डाच्या साइटवरून नवा टाकला, केबल बदलली, राउटर बदलून पाहिला, मोबाईलला यूएसबी लावून त्याच्या नेटवर पण चालवून बघितलं तरी तेच. दुकानदाराने फॉर्मॅट मारून दिला, दोन दिवस बरं वाटलं आणि परत सुरू. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेलाय, बदला, दहा-बारा हजार धरून चाला. कंपनीचं आयटी म्हणतं आमच्या बाकी कुणाला येत नाही तुमच्या मशीनचं बघा. आणि मला २० तारखेच्या आत जीएसटीआर ३बी संपवायचेत. बोर्ड घ्यायचा का? का अजून काही बघण्यासारखं आहे?

निवांत_नाशिककर:
फॉर्मॅट नीट केला होता का, म्हणजे सी ड्राइव्ह पूर्ण उडवून, का नुसतं रीसेट? नाहीतर लिनक्स टाका, सुखी व्हाल 😀

कंदी_पेढा:
पूर्ण उडवून केला, समोर बसून बघितलंय. लिनक्सवर कंपनीचा व्हीपीएन चालत नाही आणि टॅली पण लागतं मला, त्यामुळे ते सुख नशिबात नाही.

निवृत्त_कर्नल:
ताई, बोर्ड घेऊ नका अजून. तुमच्याच पोस्टमधे एक चांगला पुरावा आहे. लॅनच्या केबलवर पण क्रॅश आणि मोबाईलच्या यूएसबी नेटवर पण क्रॅश, म्हणजे बोर्डावरची लॅन चिप आणि तिचा ड्रायव्हर हे दोघं बहुतेक सुटले, कारण यूएसबीवरून नेट घेताना त्यांचा संबंधच येत नाही. मग दोन्ही वाटांना कॉमन काय उरतं? वरचा नेटवर्कचा थर, त्यात घुसलेले फिल्टर, आणि रॅम, प्रोसेसर, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) वगैरे.

नेटआयओ डॉट सिस ही विंडोजची स्वतःची फाइल आहे. स्क्रीनवर तिचं नाव आलं म्हणजे अपघात तिच्या हद्दीत झाला एवढंच, धडक कुणी दिली ते कळत नाही. विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म नावाची एक व्यवस्था व्हिस्टापासून आहे, तिचा कर्नलमधला (म्हणजे विंडोजच्या गाभ्यातला) बराचसा भाग याच फाइलमधे बसलाय. अँटिव्हायरस, फायरवॉल, व्हीपीएन, पालकांसाठीची ती लहान मुलांवर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअरं, नेट फास्ट करतो म्हणणारी सॉफ्टवेअरं, सगळी तिथे आपापला ड्रायव्हर अडकवतात आणि जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट त्यांच्या हातातून जातं. त्यातल्या एकाने जरी मेमरीत नको तिथे हात घातला तरी बोंब नेटआयओच्या नावाने, नाहीतर टीसीपीआयपी डॉट सिस किंवा एनडीआयएस डॉट सिसच्या नावाने होते.

आणि हा डी१ कोड (झिरो एक्स डी१, तुमचा तो ड्रायव्हर आयआरक्यूएल वाला) नेटवर्कवाल्यांकडेच जास्त का दिसतो ते पण सांगतो. कार्डावर पॅकेट आलं की विंडोज ते काम डिस्पॅच लेव्हलला करते, म्हणजे आयआरक्यूएल २ (आयआरक्यूएल म्हणजे कुठलं काम किती तातडीचं त्याची पातळी). या पातळीवर असताना जी मेमरी डिस्कवरच्या पेजफाइलमधे (रॅममधला मजकूर तात्पुरता ठेवायची डिस्कवरची फाइल) गेली असेल ती परत आणता येत नाही, थांबायची सोयच नाही. ड्रायव्हरने तिथे अशी पेज झालेली किंवा आधीच सोडून दिलेली जागा वाचायला घेतली की विंडोजपुढे एकच मार्ग, मशीन बंद पाडणे. म्हणूनच तुमचं यूट्यूबला कमी आणि व्हीपीएनवर फाइल ढकलताना जास्त होतंय, पॅकेट जेवढी जास्त, फिल्टर जेवढे जास्त, तेवढी वेळ साधली जायची शक्यता जास्त.

आता अंदाज बास, डंप बघू, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची विंडोज ठेवते ती नोंद. सी ड्राइव्ह, विंडोज, मिनीडंप, या फोल्डरमधे काय आहे सांगा. आणि इव्हेंट व्ह्यूअरमधे सिस्टीम लॉगला कर्नल पॉवर ४१ शोधा, त्याच्या डीटेल्समधे बगचेक कोड काय आकडा दाखवतो तो पण. हे कोड एरवी हेक्समधे (सोळाच्या पायावर) लिहितात, तिथला आकडा मात्र दशमानात असतो, २०९ दिसला तर तो आपला डी१ च आहे, घाबरू नका.

कंदी_पेढा:
मिनीडंप फोल्डर रिकामाच आहे 😐 कर्नल पॉवर ४१ भरपूर आहेत. बहुतेकांत २०९. पण दोन ठिकाणी २६ आहे आणि एकात ८०. हे वेगळे स्क्रीन मी बघितलेच नाहीत, रात्री मशीन चालू ठेवून झोपते तेव्हा झाले असणार.

निवृत्त_कर्नल:
२६ आणि ८०, हे लक्षात ठेवू, त्यांच्याकडे येतोच.

डंप नाही याचं कारण बहुतेक पेजफाइल. सी वरची पेजफाइल बंद करून डी वर टाकली की एसएसडी जास्त टिकते असा एक जुना सल्ला दुकानांत फिरतो, त्याने डंप लिहिलाच जात नाही, कारण क्रॅशच्या क्षणी विंडोज आधी सी च्या पेजफाइलमधे लिहिते आणि पुढच्या बूटला तिथून फाइल तयार करते. रनमधे एसवायएसडीएम डॉट सीपीएल, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, व्हर्च्युअल मेमरी, तिथे सी ला सिस्टीम मॅनेज्ड करा. तिथेच स्टार्टअप अँड रिकव्हरीमधे ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा म्हणजे स्क्रीन वाचायला तरी मिळेल, आणि डंपचा प्रकार स्मॉल मेमरी डंप ठेवा. एखादं क्लीनर सॉफ्टवेअर असेल तर तेही काढा, ती लोकं जंक म्हणून डंपच पुसतात.

मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून विनडीबीजी (डंप वाचायचं सॉफ्टवेअर) घ्या, फुकट आहे. ॲडमिन म्हणून उघडा, डंप फाइल उघडा, खाली कमांडच्या जागी उद्गारचिन्ह ॲनलाइझ मग स्पेस डॅश व्ही. पहिल्यांदा सिंबल (फंक्शनची नावं कळायला लागणाऱ्या फाइली) उतरवायला वेळ लागतो, चहा करून या. मॉड्यूल नेम, इमेज नेम, फेल्युअर बकेट (क्रॅश कुठल्या प्रकारात मोडतो ते) आणि स्टॅक टेक्स्ट (क्रॅशच्या वेळी कोण कुणाला बोलावत होतं ती यादी) या चार गोष्टी इथे चिकटवा. आणि हे सगळं करायच्या आधी टॅलीचा आणि एक्सेलचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, हे सगळ्यात आधी.

पुणेरी_पॅच:
एमएसकॉन्फिगमधून क्लीन बूट करून बघा की, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवायच्या आणि बाकी सगळ्या बंद करायच्या. पाच मिनिटांचं काम. एवढं डंप वगैरे कशाला लगेच.

निवृत्त_कर्नल:
@पुणेरी_पॅच क्लीन बूटने सर्व्हिस आणि स्टार्टअपची प्रोग्रॅमं बंद होतात, कर्नलमधले ड्रायव्हर तसेच लोड होतात. नेटवर्क फिल्टरच्या केसमधे त्याने फसायला होतं, सगळं बंद केलं तरी क्रॅश आला म्हणजे हार्डवेअरच असा निष्कर्ष निघतो आणि लोक बोर्ड घेऊन येतात. ड्रायव्हर बघायचे तर सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स, त्यात ड्रायव्हर्सचा टॅब, आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. उरतात ती पाहुणे मंडळी.

सीताबर्डीचा_सोल्डर:
कर्नल साहेब, तुमचं सगळं बरोबर आहे पण एक सांगू का, तुम्ही सॉफ्टवेअरवाले लोकं डी१ दिसला की ड्रायव्हरच्या मागं लागता. मी नागपुरात रिपेअरिंगच करून रायलो इतकी वर्षं. पॅकेट राहते कुठं? रॅममधेच ना. एवढ्या जोरात मेमरीत लिहिणं-वाचणं नेटवर्क करते, मग पट्टीतला एखादा सेल खराब असला तर तो पण नेटवर्कच्याच नावानं फुटते. आणि ताई म्हणते दिवाळीत दुसरी पट्टी टाकली. काहून टाकली, कोणती टाकली, जुनीसोबत जुळते का, हे कोणीच विचारलं नाही. २६ म्हणजे वन ए, मेमरी मॅनेजमेंट. ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. हे दोन कोड रॅमवाल्या मशीनवर नेहमी पाहतो मी.

माझा साधा हिशेब असा हाय, दरवेळी तोच कोड अन् तोच ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर, दरवेळी नवा कोड अन् नवं नाव म्हणजे हार्डवेअर. ताईचं दोन्ही मिसळलेलं दिसते.

निवृत्त_कर्नल:
@सीताबर्डीचा_सोल्डर त्याचसाठी २६ आणि ८० लक्षात ठेवा म्हटलं. पण एक भर घालतो, पेज फॉल्ट ५० नुसता दिसला म्हणून रॅम म्हणता येत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटने जगभर जे निळे स्क्रीन आले तेही ५० च होते, आणि तिथे रॅम सगळ्यांच्या ठणठणीत होत्या, त्यांचा सिक्युरिटी ड्रायव्हर हद्दीबाहेरची मेमरी वाचत होता. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाख मशीनचा होता.

हिंजवडी_फेज_३:
त्या शुक्रवारची आठवण नको काढू. विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आणि आम्ही इकडे एकेका मशीनला सेफ मोडमधे घालून सी-झिरो झिरो झिरो झिरो झिरो २९१ वाली ती फाइल डिलीट करत बसलेलो, त्यात बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) की कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. रविवारी घरी गेलो.

कंदी_पेढा ताई, एक आयटीवाला म्हणून सांगतो, कंपनीचा व्हीपीएन काढून बघायचा असेल तर आधी तुमच्या आयटीला मेल टाका, परत टाकताना सर्टिफिकेट किंवा टोकन लागतं आणि ऐन २० तारखेला ते मिळालं नाही तर पंचाईत. सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट हे बटण पण आत्ता दाबू नका, ते सगळी कार्डं काढून परत बसवतं, व्हीपीएनचं आभासी कार्ड त्यात उडू शकतं.

कंदी_पेढा:
पेजफाइल खरंच डी वर होती! दुकानदाराला विचारलं तर म्हणे आम्ही सगळ्यांना तसंच करून देतो. असो. सी वर आणली, आणि लगेच क्रॅश पण आले, डंप मिळाले. बऱ्याच फाइलींत हेच आहे: डी१, मॉड्यूल नेटआयओ, पण स्टॅकमधे नेटआयओच्या आजूबाजूला एक अनोळखी नाव आहे ज्याच्यापुढे नुसता आकडा दिसतो, बाकीच्यांसारखं फंक्शनचं नाव नाही. ते नाव ऑटोरन्समधे शोधलं तर ते मदरबोर्डच्या कंपनीच्या त्या गेमिंग लॅन बूस्टरचं निघालं. मी गेम खेळतच नाही! माझ्या मशीनवर हे कुणी टाकलं?

आणि एक फाइल वेगळीच आहे, वन ए वाली, त्यात बकेटमधे मेमरी करप्शन वन बिट असं लिहिलंय.

निवृत्त_कर्नल:
वा, दोन्ही आरोपी एका दमात.

पहिला: बोर्डाच्या सीडीवरून किंवा त्यांच्या त्या ऑल इन वन युटिलिटीतून सगळ्या टिका मारून इन्स्टॉल केलं की हे बूस्टर येतात. फॉर्मॅटनंतर दोन दिवस बरं आणि परत सुरू याचं कोडं इथे सुटतं, दरवेळी दुकानातून तेच पॅकेज परत बसतंय. गेमच्या पॅकेटला पुढे काढायचं म्हणून ते प्रत्येक कनेक्शनमधे बसतं, त्यावर तुमचा व्हीपीएन पुन्हा पॅकेट गुंडाळतो, तेच पॅकेट दुसऱ्यांदा त्याच्या हातात जातं, आणि जुना ड्रायव्हर असेल तर त्याला हे कधी शिकवलेलंच नसतं. विनडीबीजीत एलएमव्हीएम स्पेस आणि ड्रायव्हरचं नाव द्या, टाइमस्टॅम्प दिसेल. फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या फाइलींचे टाइमस्टॅम्प कधीकधी भलतेच, भविष्यातले वगैरे दिसतात, ते बिल्डच्या पद्धतीमुळे, तिकडे दुर्लक्ष करा.

काढताना आधी प्रोग्रॅममधून अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, मग ऑटोरन्समधे ड्रायव्हर अजून आहे का बघा. नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमधे जी टिकांची यादी असते तिथे पण त्याचं नाव राहिलंय का बघा. राहिलं असेल तर पीएनपीयूटिल स्लॅश एनम-ड्रायव्हर्सने त्याची ओईएम नंबरवाली आयएनएफ शोधायची आणि पीएनपीयूटिल स्लॅश डिलीट-ड्रायव्हर ने स्लॅश अनइन्स्टॉल लावून काढायची. यादीत भलतं काही डिलीट करू नका, शंका आली तर इथे विचारा. नुसती फाइल सिस्टीम३२ मधून उडवायची तर अजिबात नाही, फिल्टरची नोंद रजिस्ट्रीत राहते आणि नेटच बंद पडतं.

ड्रायव्हर व्हेरिफायर लावा असं कुणी सांगेल, आत्ता गरज नाही, नाव मिळालंय. ज्यांना नाव मिळत नाही त्यांनी ते बिगर मायक्रोसॉफ्ट ड्रायव्हरवर लावायचं, आणि बूटच होईना झालं तर सेफ मोडमधे व्हेरिफायर स्लॅश रिसेट, हे कागदावर लिहून ठेवून मगच.

सीताबर्डीचा_सोल्डर:
वन बिट! मी काय म्हणत होतो बाप्पा. मेमरीत एकच बिट उलटा, हे ड्रायव्हर सहसा नाही करत, ड्रायव्हर चुकला तर आख्खा तुकडा खराब करते. एक बिट म्हणजे पट्टी, नाहीतर स्पीड जास्त ठेवलेली.

ताई आता असं करा. बायोसमधे (मशीन चालू होताना उघडते ती बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला पळवायची सोय, चालू असंल तर बंद करा. दोन पट्ट्या वेगवेगळ्या स्पीडच्या असल्या आणि एक्सएमपीनं वरच्या स्पीडला पळवल्या तर अशीच कटकट होते. मग मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू द्या. विंडोजमधली ती मेमरी डायग्नोस्टिक पण असते पण तिचं ओके आलं म्हणून मी तरी कधी विश्वास ठेवत नाही. एक पण लाल ओळ आली तर पट्टी किंवा स्लॉट किंवा स्पीड यातलं काहीतरी नक्की खराब, चार-पाच एरर म्हणजे थोडेच आहेत असं काही नसते, शून्यच पाहिजे. एरर आले की बंद करा, एक पट्टी काढा, उरलेली त्याच स्लॉटमधे तपासा, मग दुसरी तिथेच. एकच पट्टी दोन्ही स्लॉटमधे एरर देते म्हणजे पट्टी खराब, दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमधे एरर देतात म्हणजे स्लॉट किंवा बोर्ड.

काढताना स्विच बंद, पिन उपटलेली, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून घ्या आधी. आणि पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं घासतात लोकं, पोरं शाळेतलं ते निळं-लाल रबर आणतात, त्याच्या निळ्या बाजूनं तर पत्रा निघून जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकल नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटते, कापड भिजवून पुसा, वाळू द्या.

निवांत_नाशिककर:
खोडरबरने माझ्या दोन पट्ट्या चालू झाल्यात हां. पांढऱ्या रबरने. चालतं.

सीताबर्डीचा_सोल्डर:
चालते भाऊ, पण रबराचा भुगा स्लॉटमधे पडला की मग माझ्याकडे येते मशीन. ब्रश मारा नंतर.

कंदी_पेढा:
अपडेट. बूस्टर काढलं, त्याचा ड्रायव्हर खरंच मागे राहिला होता, कर्नल काकांनी सांगितलं तसं पीएनपीयूटिलने काढला. त्यानंतर व्हीपीएनवर मुद्दाम मोठमोठ्या फाइली वर-खाली केल्या, मीटिंगमधे स्क्रीन शेअर केला, डी१ एकदाही नाही. पण रात्री परत एक क्रॅश, वन ए. म्हणजे सोल्डर भाऊ पण बरोबर.

मेमटेस्ट लावलं, पहिला पास पूर्ण व्हायच्या आत लाल. एक्सएमपी चालू होतं, जुनी पट्टी २६६६ ची आहे आणि नवी ३२०० ची. एक्सएमपी बंद करून परत लावलं, कमी आले पण आलेच. मग एकेक करून तपासली, नवी पट्टी दोन्ही स्लॉटमधे एरर देते, जुनी एकदम स्वच्छ. आता जुन्या ८ वरच काम करतेय, एक्सेल जरा रडतं पण क्रॅश नाही. दुकानदाराला फोटो पाठवला तर म्हणतो बोर्डामुळे पट्टी खराब झाली असेल, बोर्ड बदला.

सीताबर्डीचा_सोल्डर:
जुनी पट्टी त्याच बोर्डात त्याच स्लॉटमधे रात्रभर स्वच्छ चालते, मग बोर्ड कसा काय खराब? पट्टीचं बिल शोधा. रॅमला बऱ्याच कंपन्या १० वर्षं नाहीतर लाइफटाइम वॉरंटी देतात, पट्टीवरच्या स्टिकरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहा, दुकानदाराला मधे घ्यायची गरज नाही पडत बऱ्याचदा. मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा फोटो जोडा. स्टिकर फाडू नका फक्त. आणि बदलून जी येईल ती पण आधी रात्रभर मेमटेस्टवर, मगच कामाला.

निवृत्त_कर्नल:
आणि ताई, एक महत्त्वाचं. खराब पट्टी दिवाळीपासून मशीनमधे होती. तेवढ्या काळात जे काही डिस्कवर लिहिलं गेलं ते याच रॅममधून गेलंय. विंडोजच्या फाइली दुरुस्त करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून आधी डीआयएसएम स्लॅश ऑनलाइन स्लॅश क्लीनअप-इमेज स्लॅश रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ. हे जुन्या चांगल्या पट्टीवर असतानाच करा, खराब पट्टीवर केलं तर दुरुस्ती पण बिघडायची. पण एसएफसी फक्त विंडोजच्या फाइली बघतं, तुमच्या नाही. टॅलीचा डेटा एकदा उघडून जुन्या बॅकअपशी ताळा जुळतोय का बघा, मोठ्या एक्सेलच्या बेरजा पण. झिप करून ठेवलेल्या फाइली असतील तर त्या उघडतात का बघा, झिपला चेकसम असतं, बिघडली असेल तर लगेच ओरडते.

हिंजवडी_फेज_३:
त्या आयटीच्या मेलला पण उत्तर द्या, बूस्टरचं नाव कळवा त्यांना. घरच्या मशीनवर व्हीपीएन टाकणाऱ्या अजून दहाजणांकडे तेच असणार आणि प्रत्येकजण आपापल्या दुकानात फॉर्मॅट मारत बसलेला असणार.

कंदी_पेढा:
कळवलं. त्यांचं उत्तर आलं, थँक यू फॉर युअर फीडबॅक 😑 टॅलीचा ताळा जुळला, दोन झिप उघडत नाहीत, पण त्या जुन्या बॅकअपमधे आहेत. पट्टीचा क्लेम टाकलाय. बोर्ड घेत नाही. सगळ्यांना खरंच मनापासून.

दापोली_कनेक्ट:
धागा वाचला, माझं पण असंच होतंय म्हणून इथेच विचारतो. फरक एवढा की माझ्याकडे निळा स्क्रीन येतच नाही, वायफायवर मोठा डाउनलोड लावून गेम चालू केला की मशीन एकदम बंद होऊन आपोआप चालू होतं. कर्नल पॉवर ४१ आहे पण बगचेक कोड शून्य. इथे लाइट सारखी जाते-येते, इन्व्हर्टर आहे. वायफायचा ड्रायव्हर बदलू का?

सीताबर्डीचा_सोल्डर:
शून्य म्हणजे विंडोजला मरायला पण वेळ नाही भेटला, कोड लिहिणार कोण. ड्रायव्हर नका बदलू. डाउनलोडचा संबंध नाही, गेम चालू झाला की ग्राफिक कार्ड करंट ओढते तेव्हा एसएमपीएस बसते. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जायला नको, मल्टिमीटरनं लोड असताना मोजा, गेम चालू ठेवून, रिकाम्या मशीनवर मोजून काही कळत नाही. बायोसमधला आकडा पण दाखवते पण तो भरवशाचा नाही. मोजता येत नसंल तर एखाद्या मित्राची चांगली एसएमपीएस एक दिवस लावून पाहा. आणि इन्व्हर्टरला मागं यूपीएस मोडचं बटण असते, ते नॉर्मलवर असंल तर लाइट गेल्यावर बदलायला जास्त वेळ घेते, एसएमपीएस फार तर १६-१७ मिलीसेकंद तग धरते, तीही नवी असताना.

दापोली_कनेक्ट:
यूपीएस मोडवरच आहे. लाइट असताना पण होतं.

सीताबर्डीचा_सोल्डर:
मग एसएमपीएसच पाहा. किती वॅटची अन् किती जुनी? आणि समुद्राजवळ राहता ना, कॅबिनेट उघडून आत २४ पिनचा कनेक्टर अन् ग्राफिक कार्डाचा कनेक्टर काढून पिना पाहा, हिरव्या नाहीतर काळ्या पडल्या का. फोटो टाका.